ढगांच्या विमानाची वीज

विमानांच्या विजेचं काम करता करता मला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. अमरावतीला डिप्लोमा केला, मग परीक्षा देऊन परवाना काढला आणि घराबाहेर पडलो तो बाहेरच राहिलो. कधी या शहरात, कधी त्या. मोठी विमानं माझ्या वाट्याला फारशी आली नाहीत. शिकाऊ वैमानिकांची, फवारणीची, सर्वेक्षणाची लहान विमानं, आणि त्यांच्या पोटात उताणं पडून तारा शोधणारा मी. चाळिशी ओलांडली तशी पाठ बोलू लागली होती.

त्या वर्षी वऱ्हाडात जून बरा गेला आणि नंतर आभाळ कोरडं पडलं. लोकांनी एकदा पेरलं, ते करपलं, मग पुन्हा पेरलं. त्या आधीची वर्षंही काही धड गेली नव्हती. अशात ढगांवर मिठाची फवारणी करून पाऊस पाडायचा असं कुठंतरी ठरलं, आणि मी ज्या कंपनीत होतो तिच्याकडं ते काम आलं. विमान अकोल्याच्या धावपट्टीवर ठेवायचं होतं. वैमानिक एक, तंत्रज्ञ एक. कंपनीतल्या साहेबांनी मला विचारलं, "तू तिकडचाच ना?" मी हो म्हणालो. माझी थोरली बहीण अकोटकडच्या एका गावात दिलेली होती. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणायचं तर तेच. गेल्या चार वर्षांत मी तिच्याकडं गेलो नव्हतो. तेवढ्यासाठी बरं वाटलं.

विमान एका इंजिनाचं होतं, सहा जण बसतील एवढं. मागच्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला लोखंडी पट्ट्या बसवल्या होत्या आणि त्यात हातभर लांबीच्या नळकांड्या खोचलेल्या. वैमानिकानं ढगाच्या बुडाशी जाऊन आपल्या समोरचं एकेक बटण वर करायचं, की विजेनं एकेक नळकांडी पेटणार आणि तिचा मिठाचा धूर ढगात ओढला जाणार. एवढंच ते यंत्र. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला आणि दुसऱ्या दिवसापासून धावपट्टीच्या तारेच्या कुंपणाशी माणसं येऊन उभी राहू लागली. सकाळी यायची, दुपारपर्यंत उभी असायची. आरडाओरडा नाही, काही नाही. विमानाकडं बघायची आणि मग वर बघायची.

आमचे वैमानिक उंच, मितभाषी गृहस्थ होते. सैन्यातून निवृत्त होऊन या धंद्यात आलेले. मी त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचो. सकाळी हवामानाचा निरोप यायचा, आणि बहुतेक दिवशी तो एकच असायचा : ढग नाहीत. मग आम्ही दोघं पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहायचो. वाट बघण्यानं माणूस जितका थकतो तितका कामानं थकत नाही, हे मला तिथं कळलं.

दुसऱ्या आठवड्यात ताई आली. बाजारासाठी एस.टी.नं अकोल्याला आली होती, तिथून रिक्षा करून धावपट्टीवर. फाटकावरचा चौकीदार तिच्याच बाजूच्या गावचा निघाला, त्यामुळं आत यायला अडचण पडली नाही. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत भाकर, ठेचा आणि बेसन. चार वर्षांनी भेटत होतो. ती नुसतं म्हणाली, "वाळला काय रे तू?" आणि पंखाच्या सावलीत बसली.

जेवण झाल्यावर तिनं विमानाच्या पोटावर हात ठेवला. "यात तुह्यं काम कोनतं?"

"विजेचं."

"इतक्या उंचावर वीज कुठून येते बापा?"

मी तिला इंजिनाचं झाकण उघडून दाखवलं. सांगितलं की मागं एक बॅटरी आहे, चोवीस व्होल्टची, ती फक्त इंजिन सुरू करण्यापुरती. एकदा इंजिन फिरलं की पट्ट्यानं हा अल्टरनेटर फिरतो, आणि मग सगळी वीज तोच देतो. रेडिओ, दिवे, घड्याळं, नळकांड्या, सगळ्यांना, वर बॅटरीलाही परत भरतो. इंजिन कमी-जास्त फिरलं तरी दाब अठ्ठावीस व्होल्टच्या आसपास राहावा म्हणून हा रेग्युलेटर. सगळी वीज या एका तांब्याच्या पट्टीवर येते, तिला बसबार म्हणतात, आणि तिथून प्रत्येकाला वेगळी तार जाते. प्रत्येक तारेला आपलं बटण; तार तापली की बटण आपोआप बाहेर येतं.

"आमच्या स्टार्टरसारखं," ती म्हणाली.

"तसंच."

"अन् परत कुठून जाते? आमच्याकडं तर दोन तारा लागतात."

हा प्रश्न मला माझ्या शिकाऊ पोरांनीही कधी इतक्या लवकर विचारला नव्हता. मी म्हणालो, "परत जायला वेगळी तार नसते. विमानाचा पत्राच परतीची वाट. प्रत्येक वस्तूची दुसरी तार जवळच्या पत्र्याला नटानं आवळलेली असते. त्याला आम्ही अर्थ म्हणतो."

तिनं मान हलवली. तिच्या वावरात विहिरीवर मोटर होती आणि त्या वर्षांत लाईन दिवसाचे किती तास राहील याचा भरवसा नव्हता. भाऊजींना गुडघ्यांनी त्रास देऊ लागल्यापासून मोटरीचं सगळं ताईच बघायची. फ्यूजची तार घालायची, फेज गेला तर डीपीपर्यंत चालत जाऊन यायची. ती म्हणाली, "आमची लाईन येते, पन तिच्यात जोर नसते. मोटर नुसती गुनगुनते. बंद नाही केली की जळून जाते."

"दाब कमी पडतो म्हणून."

"हो. दिसाले लाईन हाय, कामाले नाही." मग तिनं विचारलं, "अन् वरतं तुमची लाईन गेली तं? खाली पडते काय हे?"

मी तिला मॅग्नेटो दाखवले. इंजिनाची ठिणगी त्या दोन डब्यांतून येते, ते स्वतःची वीज स्वतः तयार करतात, बॅटरीशी त्यांचा संबंध नाही. सगळे दिवे गेले, रेडिओ गेला, तरी इंजिन चालत राहतं.

"हे बरं केलं कोनं तरी," ती म्हणाली. उठली, पदर नीट केला. "येजो घरी. अन् आमच्याकडूनही एखादी चक्कर मारजा इमानाची. मी साऱ्या बायाइले सांगून ठेवलं, भाऊ येनार म्हनून."

त्यानंतर चार दिवसांनी ढग आले. फार नव्हते, पातूरच्या डोंगराकडं थोडेसे. कॅप्टनसाहेब उडाले. मी कुंपणाशी असलेल्या माणसांबरोबरच खाली उभा राहून पाहत होतो. तासाभरानं परत आले, उतरले आणि मला म्हणाले, "सुई उणेकडं गेली होती."

सुई म्हणजे ॲमीटरची. ती उणेकडं गेली म्हणजे अल्टरनेटर वीज देत नाही, बॅटरीतून उपसा चाललेला आहे. त्यांनी अल्टरनेटरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, की सुई जागेवर आली. थोड्या वेळानं परत तसंच. असं तीनदा झालं.

मी जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं. अठ्ठावीस व्होल्ट, सुई जागेवर, सगळं ठीक. पट्टा घट्ट होता. तारा हलवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उड्डाण झालं, पुन्हा तोच प्रकार. तेव्हा मी जवळचा राखीव रेग्युलेटर बसवला. तिसऱ्या उड्डाणातही फरक पडला नाही. या वेळी कॅप्टनसाहेब आणखी एक गोष्ट बोलले : "मला वाटतं, नळकांडी पेटवली की ते होतं." मी ऐकलं, वहीत लिहिलंही. पण दोन वेगळ्या गोष्टी योगायोगानं एका वेळी होत असतील असं मी मनाशी ठरवलं. आज विचारलं तर का, ते सांगता येत नाही. डोकं थकलेलं असलं की माणूस सोपं उत्तर पकडतो आणि सोडत नाही.

चौथ्या उड्डाणात जे झालं त्यानं मी घाबरलो. विमान उतरायला खाली येत होतं. धावपट्टीच्या टोकाशी, अगदी झाडांवरून येताना, उजव्या पंखामागची एक नळकांडी आपोआप पेटली. पांढरा-केशरी जाळ आणि मागं धुराची रेघ. कुंपणाशी असलेली माणसं टाळ्या वाजवू लागली, त्यांना वाटलं फवारणी सुरू झाली. विमान नीट उतरलं. कॅप्टनसाहेब उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सांगितलं की ढगाखाली असताना त्या नळकांडीचं बटण त्यांनी वर केलं होतं, ती पेटली नाही, म्हणून पुढचं बटण वर केलं. पहिलं बटण खाली करायचं राहून गेलं. वीस मिनिटांनी, त्यांचा हातही तिकडं नसताना, ती पेटली.

मी उरलेल्या सगळ्या नळकांड्या काढून घेतल्या, वहीत लाल शाईनं लिहिलं की दोष सापडेपर्यंत विमान उडणार नाही, आणि खाली सही केली. ती सही करायचा अधिकार तिथं फक्त मला होता. कॅप्टनसाहेब म्हणाले, "बरोबर केलंस."

अल्टरनेटरच आतून खराब असेल, गरम झाल्यावर सोडत असेल, असा माझा तर्क होता. नवा मागवला तर यायला चार-पाच दिवस. आमच्याकडं तो चालवून पाहायला तपासणीचा बाक नव्हता. चौकीदार म्हणाला, गावात ट्रकच्या डायनामोचं काम करणारे एक चाचा आहेत, साऱ्या जिल्ह्यातून लोक त्यांच्याकडं येतात. कागदोपत्री ते चालणारं नव्हतं, पण नुसतं तपासायला काय हरकत, असं म्हणून मी अल्टरनेटर गोणपाटात गुंडाळला आणि रिक्षानं त्यांच्याकडं गेलो.

कापूस बाजाराच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर आणि पुढं ताडपत्री. साठीचे असतील. पांढरी दाढी, जाळीची टोपी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या बारीक तारेनं बांधलेली. त्यांनी गोणपाट सोडलं, अल्टरनेटर हातात घेऊन वजन पाहिलं. "लहान हाय, पन नजाकतीचा हाय," ते म्हणाले. त्यांच्या बाकावर तो त्यांनी पाऊण तास चालवला. ट्रकचे दिवे जोडून भार टाकला, तापू दिला, पुन्हा भार टाकला. दरम्यान मला चहा पाजला. शेवटी म्हणाले, "याले काही झालं नाही. एकदम तंदुरुस्त हाय. तकलीफ दुसरीकडं हाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. सुई, रेग्युलेटर, नळकांडी. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "अर्थ पाह्यला?"

"पाहिला. मीटर लावून पाहिला. बरोबर आहे."

"लोड टाकून पाह्यला?"

ते मी केलं नव्हतं. ते म्हणाले, "भौ, आमच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात. लाईट मंद जळते. लोक बॅटरी बदलवतात, डायनामो बदलवतात. अन् असते काय, तं नटाखाली रंग नाही तं गंज. मीटर लावलं तं बरोबर दाखवते. मीटरच्या कामाले करंट लागते कितीसा? केसाएवढी वाट असली तरी तो चालला जाते. खरा लोड आला की मंग वाट पुरत नाही."

ते जे सांगत होते ते विजेच्या पहिल्या धड्यातलं होतं. वाटेत अडथळा असेल तर जितका प्रवाह जास्त तितका दाब त्या अडथळ्यावर खर्ची पडतो. प्रवाहच नसेल तर काहीच खर्ची पडत नाही. मी हे अमरावतीला वयाच्या अठराव्या वर्षी पाठ केलं होतं आणि पुढं कितीतरी मुलांना शिकवलं होतं. आणि तरीही मी म्हणालो, "चाचा, विमानात तसं नसतं. तिथं प्रत्येक जोडाची तपासणी झालेली असते."

"नसंल," ते म्हणाले. त्यांना राग आला नाही. अल्टरनेटर पुन्हा नीट गोणपाटात बांधून दिला.

मी परत आलो, अल्टरनेटर चढवला आणि त्या दिवशी अर्थ तपासला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अल्टरनेटरच्या बटणाच्या जागी नवं बटण घातलं. दाब फार वाढला तर अल्टरनेटरला बाजूला काढणारा एक संरक्षक रिले असतो, तो बदलला. नळकांड्यांची बटणं असलेल्या खोक्यातले सगळे डाक पुन्हा लावले. म्हणजे चाचांनी सांगितलेलं सोडून बाकी सगळं केलं. एका ट्रॅक्टरवाल्यानं मला शिकवावं हे मला आत कुठंतरी लागलं होतं. हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं. मी म्हणत होतो, पाठ दुखते, डॅशबोर्डच्या खाली शिरायला होत नाही, उद्या बघू.

तिसऱ्या दिवशी सकाळी ढग आले. आले म्हणजे खरोखर आले. अकोटच्या बाजूनं, सातपुड्यावरून, बुडाला काळे आणि वर फुलकोबीसारखे वाढत जाणारे. हवामानाच्या निरोपाची गरज नव्हती. कुंपणाशी त्या दिवशी कधी नव्हती एवढी गर्दी झाली. कंपनीतून फोन आला. साहेब कॅप्टनसाहेबांशी बोलले, मग माझ्याशी. "जमिनीवर सगळं ठीक चालतंय ना? मग सही कर."

मी म्हणालो, "दोष सापडलेला नाही. पेटती नळकांडी घेऊन ते उतरत होते."

"सगळ्यांचं लक्ष आहे आपल्यावर."

"मी सही करणार नाही, साहेब."

फोन ठेवला तेव्हा कॅप्टनसाहेब माझ्याकडं बघत होते. ते म्हणाले, "तू केली असतीस तरी मी गेलो नसतो." त्यांनी हे माझ्या आधारासाठी म्हटलं हे मला कळलं. पण मला त्यानं आधार वाटला नाही, कारण त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती.

कुंपणापलीकडून एक जण ओरडला, "उडवा ना बावा! ढग चालले ना!" मग दुसरा, "काहून उभं ठेवलं हे? फोटो काढाले आनलं काय?" मी शेडमध्ये निघून गेलो. दुपारपर्यंत ढग पूर्वेकडं सरकत गेले, अमरावतीच्या दिशेनं. नंतर ऐकलं, चांदूर रेल्वेकडं थोडा पडला. चार वाजता आभाळ पुन्हा पांढरं झालं.

गर्दी पांगल्यावर मी एकटाच विमानात शिरलो. चाचांच्या दुकानात होता तसा एक ट्रकचा मोठा दिवा चौकीदाराकडून मागवून आणला होता. डॅशबोर्डच्या खाली उताणा पडलो. रेग्युलेटरची अर्थाची तार ज्या नटाला होती, त्याच नटाला नळकांड्यांच्या खोक्याचीही अर्थाची तार आणून आवळलेली होती. मूळ विमानात तसं नव्हतं. नळकांड्या नंतर बसवल्या तेव्हा कुणीतरी सोपी जागा पाहून ती तार तिथं जोडली होती. नट बघायला चकचकीत, हातानं हलत नव्हता. आधी मी मीटरनं मोजलं होतं तेव्हा अर्धा ओहम दाखवला होता, आणि त्यातला बराचसा मीटरच्याच तारांचा असेल म्हणून मी पुढं गेलो होतो. आता बसबार आणि त्या तारांच्या मध्ये दिवा लावला आणि नट ते पत्रा असा दाब मोजला. तिथं काहीच दिसायला नको होतं. दीड व्होल्ट दिसत होते. तारांचा जुडगा जरा हलवला, तर तीन.

नट काढला. खाली पत्र्यावर रंग तसाच होता, खरवडलेलाच नव्हता. रंगावर पांढरी बुरशी चढावी तसा गंज. आटे जेवढे टेकत होते तेवढीच काय ती वाट.

सगळं एका रांगेत लागलं. नळकांडी पेटवायला मोठा प्रवाह जायचा, तो परत येताना या नटापाशी अडायचा. तिथं खर्ची पडलेला दाब रेग्युलेटरला उणीव वाटायचा, मग तो अल्टरनेटरला जास्त वीज करायला लावायचा. दाब मर्यादेबाहेर गेला की संरक्षक रिले अल्टरनेटरला बाजूला काढायचा आणि सुई उणेकडं जायची. चौथ्या उड्डाणात तर नळकांडीलाही पुरेसा प्रवाह मिळाला नाही, म्हणून ती पेटली नाही. आणि उतरताना हादऱ्यानं नट क्षणभर नीट टेकला, वर राहिलेल्या बटणातून वीज गेली, आणि ती पेटली. कॅप्टनसाहेबांचं मी वहीत लिहिलेलं वाक्य खरं होतं. ट्रॉलीच्या दिव्याचं उदाहरणही खरं होतं.

पत्रा खरवडून चकचकीत केला, दोन्ही तारांना वेगवेगळ्या जागा दिल्या, नवे नट, नवे वायसर. पाऊण तासाचं काम. पुन्हा दिवा लावून मोजलं. दाब जवळजवळ शून्य, मीटरचा शेवटचा आकडा तेवढा हलला. मी तिथंच उताणा पडून राहिलो. उठावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी वहीत काय सापडलं ते लिहिलं आणि विमान उडायला योग्य आहे अशी सही केली. त्यानंतर पाच-सहा उड्डाणं झाली. सुई पुन्हा उणेकडं गेली नाही, एकही नळकांडी चुकली नाही. पण तसे ढग मात्र परत आले नाहीत. जे होते ते पातळ. एकदा तेल्हाऱ्याकडं शिडकावा झाला, एकदा मूर्तिजापूरच्या वाटेवर रस्ता ओला झाला. ते आमच्यामुळं की आपोआप, हे कॅप्टनसाहेबांनाही सांगता येत नव्हतं. कुंपणाशी येणारी माणसं कमी होत गेली आणि एके दिवशी कोणीच आलं नाही.

मधल्या एका रविवारी मी ताईकडं गेलो. भाऊजी ओट्यावर पाय लांब करून बसले होते. ताई वावरात होती, तिथं गेलो. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याच्याही खाली राहिलेली, पानं दुपारी माना टाकून. ती वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली होती. मी शेजारी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. चाचांनी काय सांगितलं, मी काय केलं नाही, आणि ते ढग तिच्याच गावावरून गेले तेव्हा विमान एका नटासाठी खाली का उभं होतं.

तिनं सातपुड्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी आमी साऱ्या निंदन सोडून धुऱ्यावर येऊन उभ्या होतो. मी म्हनलं, माहा भाऊ येते आता."

तिनंच पुढं विचारलं,

"इमान आलं असतं तं पानी पडलं असतं काय?"

"सांगता येत नाही, ताई. कदाचित पडलं असतं, कदाचित नाही."

"मंग तू तरी काहून मनाले लावून घेतं? एक दिवस तुह्याकडून गेला. आमचे तं किती गेले, कोनाकोनाकडून." तिनं एक वाळलेलं बोंड तोडलं, कुस्करलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तोच हवा होता. ती थकलेली होती, बस. थोड्या वेळानं म्हणाली, "पन त्या चाचाले जाऊन सांगजो. त्यानं सांगतलेलं खरं निंगालं म्हनून."

मी सोमवारीच गेलो. चाचा एका ट्रॅक्टरच्या स्टार्टरवर वाकले होते. मी सांगितलं, अर्थच होता, नटाखाली रंग होता. मी तुमचं तेव्हा ऐकलं नाही, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "इमानात बी रंग?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "बसा. चहा घ्या." मग त्यांनी मला तासभर बसवून विमानाची सगळी वीज विचारून घेतली. अल्टरनेटरपासून मॅग्नेटोपर्यंत. कागदाच्या पाठीमागं मी आकृती काढून दिली. ती त्यांनी घडी घालून टोपीखाली ठेवली.

सप्टेंबरात करार संपला. कॅप्टनसाहेब विमान घेऊन गेले आणि मी सामानाच्या पेट्या घेऊन रेल्वेनं मागून. ताईच्या पऱ्हाटीला त्या वर्षी एक वेचणी झाली, तीही अर्धी. पुढच्या वर्षी तिनं त्या वावरात तूर आणि ज्वारी घातली. मी त्यानंतर नोकरीत आणखी बारा वर्षं काढली. नवी माणसं हाताखाली आली की मी त्यांना पहिल्या दिवशी ट्रकचा एक दिवा देत असे आणि म्हणत असे, अर्थ मीटरनं पाहू नका, भार टाकून पाहा. कुणी विचारलं की हे कुठं शिकलात, तर अकोल्याला, कापूस बाजाराच्या रस्त्याला, असं सांगायचो. मी ते किती उशिरा शिकलो, हे मात्र फार थोड्यांना सांगितलं.